कोपीतल्या मुलाची हजेरी

ऊसतोडीच्या टोळ्या उतरायला लागल्या की शिरूर आणि दौंडच्या बागायती पट्ट्यात एक म्हणणे दर हंगामाला ऐकू येते. ग्रामसभा असो, कारखान्याचे शेती खाते असो की पंचायत समितीची बैठक, कोपीवरच्या लहान मुलांचा विषय निघाला की सूर तोच लागतो. ही मुले मुळात इथे यायलाच नकोत. त्यांचे गाव बीडकडे, पाथर्डीकडे, चाळीसगावकडे; तिथे त्यांची अंगणवाडी आहे, आजी-आजोबा आहेत, सरकारने हंगामी वसतिगृहे काढली आहेत. आईबापांनी त्यांना मागे ठेवून यावे. इथल्या अंगणवाडीत नाव घातले तरी मार्च उजाडला की पाखरे उडणार. मग चार-पाच महिन्यांसाठी कशाला सगळा खटाटोप? हे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. उलट मुलांच्या काळजीनेच बोलतात, आणि म्हणूनच या म्हणण्याला कोणी फारसे आडवे जात नाही. ते आडवे जाण्याचे काम इथे करायचे आहे. सहा वर्षांच्या आतल्या मुलांपुरते हे म्हणणे मुळापासून चुकले आहे. मुलाची अंगणवाडी आणि पाळणाघर त्याची आई जिथे ऊस तोडते तिथेच असायला हवे, आणि त्याचे नाव टोळी उतरण्याआधी इथल्या गावाने आणि कारखान्याने मिळून यादीत घ्यायला हवे.

'चार-पाच महिने' हा शब्दप्रयोग आधी तपासू. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चच्या आसपास, ऊस जास्त असेल तर एप्रिलपर्यंत चालतो. सरासरी पाच महिने धरा. जन्मल्यापासून सहा वर्षांचे होईपर्यंत मूल असे सहा हंगाम पाहते, म्हणजे बहात्तर महिन्यांपैकी तीस महिने फडाच्या कडेला जातात. बालवाडीचे म्हणून जे वय आपण मानतो, तीन ते सहा, त्यातल्या छत्तीस महिन्यांपैकी पंधरा. शहरातल्या एखाद्या मुलाचे नर्सरी-केजीचे तीन वर्षांतले पंधरा महिने बुडाले तर पालक शाळेच्या दारात ठिय्या देतील. शिवाय हे पंधरा महिने सलग नाहीत, ते दरवर्षी ऐन मधून कापले जातात. मूल जूनमध्ये गावाकडच्या अंगणवाडीत बसायला लागते, चार गाणी शिकते, सेविकेची ओळख होते, आणि दिवाळीच्या सुमारास गाडीत बसते. परत येते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. दोन्ही गावांनी त्याला पाहुणे म्हटले, तर ते मूल नक्की कुठले?

मागे ठेवण्याचा सल्ला कोणाला लागू पडतो, तेही पाहू. हंगामी वसतिगृहे शाळकरी मुलांसाठी आहेत. संत भगवानबाबांच्या नावाने राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी जी वसतिगृहे सुरू केली, तीही शाळेत जाणाऱ्यांसाठीच. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही; आठवीतल्या मुलीला फडावर नेण्यापेक्षा वसतिगृह हजारपट बरे. पण दीड वर्षाच्या, अंगावर पिणाऱ्या मुलासाठी कुठलेही वसतिगृह नाही, आणि असूही नये. दोन वर्षे आणि त्यानंतरही स्तनपान चालू ठेवा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपली आरोग्य केंद्रे भिंतीवर तेच रंगवतात, आणि त्याच आईला आपण म्हणतो की बाळ सासूकडे ठेवून ये. सासूचाही प्रश्न आहेच. हात चालतात तोवर सासू स्वतः कोयता घेऊन निघालेली असते; जी मागे राहते ती आजारी तरी असते किंवा आधीच तीन-चार नातवंडांनी वेढलेली. तेव्हा सहाच्या आतल्या मुलापुढे 'गाव की फड' असा पर्याय खऱ्या अर्थाने ठेवलेलाच नसतो. आई निघाली की ते निघते. धोरण करणाऱ्यांनी हे गृहीत धरून पुढचे बोलावे.

यावर कायदा काय म्हणतो, ते फारच स्पष्ट आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी हा उपक्रम रहिवासी दाखल्यावर उभा नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे, तीन ते सहा वयाला गरम ताजे शिजवलेले अन्न, दिवसाला ५०० किलोकॅलरीचे. हक्क मुलाचा आहे, त्याच्या मूळ गावाचा नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम नऊमध्ये तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे मूल आले त्या ठिकाणच्या यंत्रणेवर टाकली आहे. तो कायदा सहा ते चौदासाठी. तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वशिक्षणाची सोय सरकारने करावी एवढेच तो कलम अकरात मोघम सुचवतो. पण बालशिक्षण तीन वर्षांपासून सुरू होते हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मान्य केल्यावर जी जबाबदारी सहा वर्षांच्या मुलाबाबत स्थानिक आहे ती चार वर्षांच्या मुलाबाबत अचानक बीडची कशी होते, याचे उत्तर कोणी तरी द्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या निकालात आणखी पुढे जाऊन सांगितले होते की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी आल्यापासून तीन महिन्यांत ती मिळालीच पाहिजे. कायम वस्तीसाठी हा फार मोठा आधार आहे. ऊसतोडीच्या तळाला तो लावून पाहा म्हणजे यंत्रणेचे घड्याळ आणि फडाचे घड्याळ किती वेगळे चालते ते कळते. टोळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उतरली, आठवडाभरात कोणी तरी अर्ज केला, सगळे नियमाप्रमाणे झाले, तर अंगणवाडी फेब्रुवारीच्या मध्यावर उघडेल. कुलूप काढेपर्यंत निम्म्या कोप्या मोडायला आलेल्या असतील. म्हणून टोळी आल्यावर सर्वेक्षण करू, मग प्रस्ताव पाठवू, ही पद्धत अशा मुलांसाठी नसल्यातच जमा आहे. मंजुरी ऑगस्ट-सप्टेंबरातच हवी.

आणि ती देता येते. 'कोण कुठून येणार, किती येणार, काही ठिकाण नसते' हे कारण ज्या तालुक्यात दिले जाते तिथेच त्याचा पुरावा उलटा आहे. पावसाळ्यात मुकादमाला उचल दिली जाते, कोयत्यांची संख्या ठरते, करार होतात. कोणती टोळी बैलगाडीची, कोणती टायरगाडीची, कोणती ट्रॅक्टरवर जाणारी डोकी सेंटरची, हे ठरलेले असते. ऊस लागवडीची नोंद शेती खात्याकडे गटनिहाय असते आणि कोणत्या गावचा कोणता प्लॉट कधी तुटणार याचा कार्यक्रम त्यावरून लागतो. ज्या यंत्रणेला आलेगावच्या शिवारातला एखादा खोडवा कोणत्या तारखेला तुटेल हे माहीत असते, तिला तो तोडणाऱ्या बाईच्या काखेत मूल आहे की नाही हे कळू शकत नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा? करारपत्रात कोयत्याशेजारी एक रकाना वाढवायचा आहे: सोबतची मुले, वय. मुकादम हे तोंडपाठ सांगेल. ती यादी सप्टेंबरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे गेली की पुढचे काम टपालाचे उरते.

आता अंगणवाडी सेविकेची बाजू. तिची तक्रार सर्वांत कमी ऐकली जाते आणि ती सर्वांत खरी आहे. तिच्याकडे आधीच गावची मुले, गरोदर बाया, वजन-उंची, लसीकरणाच्या याद्या आणि मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर आहे. हंगामात तिच्या हद्दीत पंधरा-वीस मुले वाढली तर ती तिच्याच हातांनी सांभाळायची. त्यातली काही कमी वजनाची निघणार, म्हणजे तिच्या केंद्राचे कुपोषणाचे आकडे बिघडणार. एप्रिलमध्ये ती निघून गेली की हजेरी पडणार. वरून विचारणा तिलाच. अशा स्थितीत एखादी सेविका कोप्यांकडे पाठ करत असेल तर ती निर्दय आहे म्हणून नव्हे, आपण तिचे काम ज्या आकड्यांवर मोजतो ते आकडे तिला तसे शिकवतात. त्यात घरपोच आहारासाठी चेहरा पडताळणी आली. २०२५ च्या जुलैपासून ती सक्तीची झाली. आईची नोंद गेवराईच्या अंगणवाडीत आणि आई उभी न्हावऱ्याच्या शिवारात. पाकिटे तिकडे पडून, बाळ इकडे उपाशी. ट्रॅकरमध्ये लाभार्थीचे स्थलांतर नोंदवण्याची सोय आहे, राज्याने स्थलांतरितांच्या मागासाठी वेगळी प्रणालीही आणली. पण ती बटणे दाबायची कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे ठरले नाही तोवर सोय कागदावरची. उपाय अवघड नाही. हंगामी मुलांची नोंद वेगळ्या शीर्षाखाली घ्यावी, त्यांचे वजन सेविकेच्या माथी मारू नये, त्या पाच महिन्यांसाठी तिला एक जादा मदतनीस द्यावी, आणि पहिल्या दिवशी कागद नसला तरी वाटीत खिचडी पडावी. कागदाचे आठ दिवसांनी पाहता येईल.

एवढे सगळे झाले तरी काम निम्मेच होते, कारण अंगणवाडी दिवसातले काही तास भरते आणि ऊसतोड घड्याळ पाळत नाही. कोपीवर पहाटे चारला चूल पेटते. अंधारातच नवरा-बायको फडात शिरतात. तांबडे फुटायच्या आत पाच-सहा सऱ्या आडव्या झालेल्या असतात, तो कोयता चालवतो, ती पाचट सोलते, वाढे बाजूला करते, मोळ्या बांधते. बाळ बांधावर, फार तर जुन्या लुगड्याची झोळी ट्रॉलीच्या दांडीला, नाहीतर पाचटावर गोधडी टाकून. गाडी भरायला रात्री आली तर रात्री भरायची, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे. खाडा झाला तर तो उचलीत कापला जाणार. अशा आईला दहा वाजता उघडणारी आणि दुपारी मिटणारी अंगणवाडी ना मूल सोडायला सोयीची ना घ्यायला. म्हणून पाळणाघर. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजना आहेच: अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, दिवसाला साडेसात तास. फडाच्या वेळेला साडेसात तास पुरणार नाहीत आणि ते सकाळी सहाच्या आत सुरू व्हायला हवेत. ही दुरुस्ती मान्य केली तर योजना ऊसतोडीसाठीच लिहिल्यासारखी वाटते.

पाळणाघर नसण्याचा खरा भुर्दंड भरते ती बाळाची ताई. सात-आठ-नऊ वर्षांची ही पोर बाळ राखायला म्हणून सोबत आणलेली असते. साखरशाळा काढा, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नाव घाला, शिक्षकांना कोप्यांवर पाठवा. शिक्षण खात्याचे हे सगळे प्रयत्न तिच्या कडेवरच्या बाळापाशी येऊन अडतात. ती शाळेत आली तर बाळ घेऊन येते, बाळ रडले की उठून जाते, आणि आठवड्याने यायची बंद होते. गळतीच्या तक्त्यात तिचे नाव 'पालकांची उदासीनता' या खान्यात जाते. प्राथमिक शिक्षणाच्या हक्काची पहिली पायरी झोळीतल्या बाळापासून सुरू होते, हे एकदा मान्य केले की पाळणाघरावरचा खर्च महिला-बालविकासाचा की शिक्षणाचा हा वादही मिटेल. तो दोघांचा आहे.

उसाच्या रानाचा एक धोका शिरूरला वेगळा सांगायला नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड आणि जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन आठवड्यांत तिघे दगावले. त्यातली एक मुलगी सहा वर्षांच्याही आतली, एक तेरा वर्षांचा मुलगा आणि एक वृद्धा. तिघेही स्थानिक. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडला, आणि तो राग रास्त होता. बिबट्या उसात राहतो, उसात पिलावतो, आणि ऊस तुटायला लागला की त्याची पांगापांग होते. त्याच तुटणाऱ्या उसाच्या कडेला, पहाटेच्या अंधारात, जमिनीवर बसलेले किंवा निजलेले सर्वांत लहान मूल कोणाचे असते? पिंजरे, गस्त, भोंगे, शाळांच्या वेळा यांवर चर्चा होते तेव्हा त्या मुलाचा उल्लेख होत नाही, कारण ते कोणत्याच गावच्या यादीत नाही. चार भिंती, एक दार आणि आत दोन जाणत्या बाया, एवढे पाळणाघर हा या भागात बिबट्यापासूनच्या बचावाचाही साधा उपाय आहे.

खर्चाचा प्रश्न आला की आवाज चढतात, तेव्हा हिशोब मांडूनच बोलू. पाच लाख टन गाळप करणारा एखादा कारखाना धरा. दीडशे दिवसांत एवढा ऊस तोडायला साधारण दोन हजार कोयते, म्हणजे दोन हजार जोडपी लागतील. त्यांच्यासोबत सहाच्या आतली हजार मुले आहेत असे मानू. पंचवीस मुलांमागे एक पाळणाघर म्हणजे चाळीस. प्रत्येकी दोन बाया, महिना बारा हजार, पाच महिने: एक लाख वीस हजार. पत्र्याची शेड, सतरंज्या, पाणी, औषधपेटी यांना ऐंशी हजार. आहार अंगणवाडीचा. चाळीस पाळणाघरांना ऐंशी लाख, टनाला सोळा रुपये. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. सोळा रुपये म्हणजे त्याच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. तेही कोणाच्या खिशातून नव्याने काढायचे नाहीत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असे ठरलेले आहे. या कारखान्याच्या वाट्याला त्या हिशेबाने एक कोटी येतात. महामंडळाला इतर कामेही आहेत, मान्य. पण जो निधी मजुरांच्या कल्याणासाठी टनावर गोळा होतो त्यावर पहिला हक्क ऊस तुटताना बांधावर पडलेल्या मुलाचा नाही, तर कोणाचा?

इथे कारखान्याचे ठरलेले उत्तर येते: हे आमचे कामगार नव्हेत, मुकादमाचे आहेत; मुकादम वाहतूक ठेकेदाराचा. कायदेशीर भाषेत हे उत्तर बरेच दिवस टिकले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसपेक्षा जास्त बाया कामावर असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक केले, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बाया असलेल्या बांधकामाला. नव्या कामगार संहितांतही पाळणाघराची तरतूद आहे. म्हणजे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभ्या असलेल्या आईच्या मुलाचा विचार कायद्याने केला, वाघोलीत स्लॅब टाकणारीच्या मुलाचाही केला. दोन्हींच्या मधल्या शिवारात साखर कारखान्याचा कच्चा माल तोडणारी तेवढी निसटली, कारण तिचा फड कारखान्याच्या कुंपणाबाहेर आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली आणि पुढे ते काम मुंबई-पुण्यातही आले, तेव्हा बिल्डरही हेच म्हणत असणार की बाया ठेकेदाराच्या आहेत. कायदा त्यानंतर आला, आधी नव्हे.

शिवाय मालकाच्या नावाशी जबाबदारी बांधली तर ती हरवते, हे या दोन तालुक्यांनी डोळ्यांनी पाहिले. पाटसचा भीमा सहकारी अडचणीत येऊन बंद राहिला आणि २०२२ मध्ये भाडेपट्ट्याने निराणी समूहाकडे गेला. न्हावऱ्याचा घोडगंगाही अलीकडे बंद राहिला. म्हणून ऊस उभा राहिला का? दुसऱ्या कारखान्यांच्या टोळ्या आल्या आणि घेऊन गेल्या. कारखाना बदलतो, ठेकेदार बदलतो, टोळी त्याच शिवारात कोप्या घालते. त्यामुळे सोय टनाला बांधावी, जिथे ऊस तुटतो त्या गावाला बांधावी, धुराड्याला नव्हे. शेतकरी म्हणेल, तोडणी-वाहतूक आधीच आमच्या बिलातून कापली जाते, आता मुलांचाही भार आमच्यावर? बिलातून कापली जाते हे खरेच. मग ज्या तोडणीचे पैसे आपण भरतो ती कशी होते हे विचारण्याचा अधिकारही आपलाच नाही का? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, ती संप, बैठका आणि लवाद होऊन मिळाली. भावासाठी जेवढी घासाघीस होते तिच्या दहाव्या हिश्श्याएवढी पाळण्यासाठी झाली असती तरी पुरे होते. हे मी संघटनांनाही उद्देशून म्हणतो.

'त्यांचे पालकच पाठवत नाहीत' हा आक्षेप मी मुद्दाम उशिरा घेतला, कारण त्याला या मातीतच उत्तर देऊन झाले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले तेव्हा आदिवासी मुले बालवाडीत येईनात. त्यांनी पालकांवर खापर फोडले नाही. बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आजचा सरकारी शब्द तिथूनच आला आहे. पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. गुरे सोडून मूल येणार नाही, तर शाळा गुरांमागे जाईल, इतके सरळ. फडावर याचा अर्थ असा होतो की बैलगाडीच्या टोळ्या हंगामभर कारखान्याजवळच्या तळावर राहतात, तिथे पक्की शेड आणि कायमचे पाळणाघर चालेल. ट्रॅक्टरच्या टोळ्या गाव बदलत फिरतात, त्यांच्यामागे एक बाई, एक पेटी आणि एक ताडपत्री फिरली पाहिजे. ती बाई शक्यतो टोळीतलीच असावी. नुकतीच बाळंत झालेली, कोयता झेपत नसलेली एखादी असतेच; तिला रोज द्या, प्रशिक्षण द्या. आपली भाषा बोलणाऱ्या, आपल्याच कोपीतल्या बाईकडे मूल सोपवायला आई मागेपुढे पाहत नाही. अनोळखी गावात, बंद फाटकाआड, कोणाच्या भरवशावर सोडू, हा तिचा प्रश्न उदासीनता कसा ठरतो?

दौंडकरांनी तर हे आणखी आधी पाहिले आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा त्यांनी आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. त्या मुली केडगावच्या नव्हत्या. बऱ्याच मराठीही बोलत नव्हत्या. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल आणि मिशनच्या उद्देशाबद्दल तेव्हा वाद झाला, आजही होऊ शकतो. पण आलेले मूल कुठले, ते किती दिवस राहणार, हे विचारून त्यांनी पाटी हातात दिली नाही. ज्या तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी परप्रांतीच्या मुलांसाठी बालशिक्षण उभे राहिले, तिथे बीडचे मूल लांबचे वाटावे, हे जरा विचित्रच.

शेवटचा आक्षेप आधुनिक आहे. यंत्रे येताहेत, हार्वेस्टरला अनुदान आहे, दहा वर्षांत टोळ्याच राहणार नाहीत. मग मरणाऱ्या व्यवस्थेवर पैसा का घाला? दहा वर्षांत सहाच्या आतल्या मुलांच्या जवळजवळ दोन पिढ्या बालपणातून निघून जातील, हे एक. लहान तुकडे, अरुंद सऱ्या, लोळलेला ऊस यांत यंत्र अडते आणि कोयता बोलवावा लागतो, हे दुसरे. तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दौंड तालुक्यात केडगाव, पारगाव, राहू या बाजूला गुऱ्हाळे आहेत. पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर त्यांतली बरीच वर्षातला मोठा काळ चालतात. कढईवर, चुलवणावर उत्तर प्रदेशातून आलेली माणसे आहेत, काहींची कुटुंबे सोबत आहेत, मुले काकवीच्या वासात वाढताहेत. ती मार्चमध्ये उडून जात नाहीत. त्यांची टोळी गाव बदलत नाही, मुकादम-ठेकेदाराची लांबण तिथे नाही, गुऱ्हाळाचा मालक गावातलाच असतो आणि अंगणवाडी हाकेच्या अंतरावर. पाच महिन्यांसाठी नाव घालून उपयोग नाही, हेच ज्यांचे प्रामाणिक कारण असेल त्यांना या मुलांबाबत काहीच अडचण असायला नको. गुऱ्हाळांवरच्या सहाच्या आतल्या मुलांची यादी ग्रामपंचायतीने पुढच्या महिन्याच्या सभेत ठेवावी, सगळी नावे अंगणवाडीच्या पटावर चढवावीत, हिंदी बोलणाऱ्या मुलांसाठी जादा मदतनीस मागावी. तेवढे करून दाखवा. उसाच्या फडाच्या अडचणींवर मग खुशाल बोलू.